काल्पनिक जगातल्या तारखा पुन्हा पुन्हा चुकतात? आधी दिवस मोजा, दिनदर्शिका नंतर

चौथ्या प्रकरणात नायिका सतरा वर्षांची. एकविसाव्या प्रकरणापर्यंत तीन हिवाळे उलटतात, तरी ती अठराचीच. सेनापती पूर्ण चंद्राच्या उजेडात तट चढतो आणि त्याच रात्री शेजारच्या नगरात चोर अमावास्येचा फायदा घेऊन पसार होतात. दूताला जायला बारा दिवस लागतात, परतायला तीस, आणि दरबारात कुणी "इतका उशीर का?" असं विचारत नाही.

कल्पित जग रचून कादंबरी, मालिका किंवा रोलप्लेइंग गेमची मोहीम लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा त्रास होतो. चूक वाचक पकडतो, लेखक ती जागा दुरुस्त करतो, आणि दोन प्रकरणांनी तोच घोळ दुसरीकडे उगवतो. जागच्या जागी केलेली दुरुस्ती इथे टिकत नाही, कारण बिघाड त्या जागेवर नसतोच. तो असतो तुम्ही घटना कशा नोंदवून ठेवता यात.

बहुतेकांच्या टिपणांत नोंद अशी असते: "राजशक ६१२, तिसरा महिना, तारीख १७." दिसायला छान. पण ही नोंद माणसांना वाचायला सोयीची आहे, वजाबाकीला नाही. अशा दोन तारखांमध्ये किती दिवस गेले हे काढायचं तर महिने किती दिवसांचे, वर्ष किती महिन्यांचं, मध्ये शक बदलला का, हे सगळं दर वेळी डोक्यात आणावं लागतं. लिहिण्याच्या भरात ते कुणी आणत नाही. मेंदू मुकाट्याने आपलेच तीस दिवसांचे महिने आणि बारा महिन्यांचं वर्ष वापरून उत्तर देतो. जग तुमचं, हिशेब पृथ्वीचा.

खगोलशास्त्रज्ञांना हीच अडचण खऱ्या जगात आली होती. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या शकांच्या नोंदी एकत्र कशा लावायच्या? आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात त्यासाठी अहर्गण आहे: एका ठरलेल्या क्षणापासून, बरेचदा इ.स.पू. ३१०२ मधल्या कलियुगारंभापासून, उलटलेल्या दिवसांची अखंड मोजणी. युरोपात जोसेफ स्कॅलिजरने १५८३ मध्ये मांडलेल्या कालगणनेतून पुढे ज्युलियन दिनांक आला. त्यात दिवसांची मोजणी इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीच्या दुपारपासून चालते, आणि १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे दिवस २४,५१,५४५. महिना नाही, राजा नाही, सण नाही. नुसता आकडा. वजा केला की अंतर मिळालं.

तुमच्या जगालाही असा एक अहर्गण द्या. तो कथेतल्या कुणालाही ठाऊक नसावा. तो फक्त तुमच्या तक्त्यात राहतो. पानावर छापायची तारीख त्या आकड्यावरून काढायची, उलट कधीच नाही.

एक नमुना जग घेऊन हे करून बघू. वर्ष ४०० दिवसांचं, महिने १० आणि प्रत्येक महिना ४० दिवसांचा. आठवडा ८ दिवसांचा. चंद्र एकच, एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत ३३ दिवस. लीप वर्ष नाही. (लीप वर्ष मुद्दाम ठेवलेलं नाही. आपल्या पृथ्वीचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं निघालं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. तुमच्या ग्रहाचं वर्ष तुम्ही ठरवता. कथानकाला गरज नसेल तर अपूर्णांक कशाला ओढवून घ्यायचा?)

दिवस क्रमांक काढायची रीत: वर्षातून १ वजा करून ४०० ने गुणा, महिन्यातून १ वजा करून ४० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि तारीख मिळवा. ६१२, तिसरा महिना, १७ तारीख म्हणजे ६११ गुणिले ४०० = २,४४,४००; अधिक २ गुणिले ४० = ८०; अधिक १७. उत्तर २,४४,४९७.

उलट जायचं तर क्रमांकातून १ वजा करून ४०० ने भागा. भागाकार अधिक १ हे वर्ष. उरलेल्या बाकीला ४० ने भागा: भागाकार अधिक १ हा महिना आणि शेवटची बाकी अधिक १ ही तारीख. २,४४,४९६ ला ४०० ने भागल्यावर ६११ आणि बाकी ९६. ९६ ला ४० ने भागल्यावर २ आणि बाकी १६. पुन्हा ६१२, तिसरा महिना, १७. जाऊन परत त्याच जागी आलो, म्हणजे सूत्र बरोबर.

आता चंद्र. ज्या क्रमांकाला ३३ ने नि:शेष भाग जातो त्या दिवशी पौर्णिमा, असं ठरवून टाकू. २,४४,४९७ ला ३३ ने भागलं तर ७,४०९ आणि बाकी शून्य. म्हणजे त्या वर्षी १७ तारखेला पौर्णिमा आहे. समजा त्या रात्री नदीवर नौकांची जत्रा आहे आणि तुम्ही पूर्ण चंद्राचं झकास वर्णन केलंय. उत्तम. पुढच्या वर्षी तीच जत्रा, तीच तारीख: क्रमांक २,४४,८९७ आणि बाकी ४. पौर्णिमा होऊन चार दिवस झालेत. ३३ दिवसांच्या चंद्राचा उदय रोज सरासरी ४५ मिनिटं पुढे जातो (दिवस २४ तासांचा धरला तर, आपल्या चंद्राच्या बाबतीत हे सुमारे ५० मिनिटं आहे). म्हणजे या वर्षी जत्रेच्या रात्री सूर्यास्तानंतर तीनेक तास मिट्ट काळोख. आणि ६१६ साली त्याच तारखेला बाकी १६, थेट अमावास्या.

हे संकट वाटतं, पण कथेला मिळालेलं फुकटचं साहित्य आहे. ते तीन काळोखे तास कुणाला पळवायला वापरायचे हे तुम्हीच ठरवा. फक्त "चार वर्षांपूर्वीच्या जत्रेतही असाच चंद्र होता" असं वाक्य पात्राच्या तोंडी घालू नका.

चंद्राबद्दल आणखी काही चुका आकड्यांच्या नसतात, नजरेच्या असतात, आणि चंद्र सूर्यप्रकाशानेच उजळत असेल तर त्या कुठल्याही जगात चुकाच. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. शुक्ल पक्षातली कोवळी कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते, त्यामुळे मध्यरात्री ती डोक्यावर असू शकत नाही. कृष्ण पक्षातली कोर पहाटे पूर्वेला. सूर्यग्रहण अमावास्येलाच, चंद्रग्रहण पौर्णिमेलाच. ग्रहणात अडकलेली भविष्यवाणी कथेत असेल तर हा शेवटचा नियम आधी तपासा.

दोन चंद्र ठेवणाऱ्यांचा ठरलेला घोळ: "शंभर वर्षांतून एकदा दोन्ही चंद्र एकाच रात्री पूर्ण होतात." लिहिण्याआधी दोन्ही आवर्तनांचा लसावि काढा. ३३ आणि ४० दिवसांचे चंद्र दर १,३२० दिवसांनी, म्हणजे आपल्या नमुना जगात सव्वातीन वर्षांच्या आसपास, एकाच दिवशी पूर्ण होतील. शंभर वर्षं कुठे राहिली? आणि ३० व ४२ घेतले तर दुसराच पेच. लसावि २१०, पण दोघांचा मसावि ६ असल्यामुळे सुरुवात जुळलेली नसेल तर ते एका दिवशी कधीच पूर्ण होणार नाहीत. एकाच्या पौर्णिमांच्या क्रमांकांना ६ ने भागून बाकी १ येत असेल आणि दुसऱ्याच्या ४, तर त्या बाक्या अनंत काळ तशाच राहतात. खरोखर शतकभराची दुर्मीळता हवी असेल तर २९ दिवसांचा तिसरा चंद्र आणा. ३३, ४० आणि २९ यांचा लसावि ३८,२८०, म्हणजे जवळपास ९६ वर्षं. भविष्यवाणी शाबूत.

वयांचा घोळ चंद्रापेक्षा जास्त बोचतो, कारण वाचक चंद्र विसरतो, पात्रं विसरत नाही. तक्त्यात वय लिहूच नका. जन्माचा दिवस क्रमांक लिहा आणि वय प्रत्येक प्रसंगाला वजाबाकीने काढा. मग तीन हिवाळ्यांनंतर सतराची मुलगी आपोआप विसाची होते. पण इथे एक छुपा खड्डा आहे: तुमचं वर्ष लांबीने वेगळं असेल तर वर्षांचा आकडाच वाचकाला फसवतो. ४०० दिवसांच्या जगात १६ वर्षांचं पात्र ६,४०० दिवस जगलेलं आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेसतरा वर्षांचं. ६० वर्षांचा म्हातारा आपला पासष्ट ओलांडलेला. २५० दिवसांचं वर्ष असतं तर सोळाची मुलगी आपली अकरा वर्षांची निघाली असती, आणि तिचा विवाहप्रसंग वेगळ्याच कारणाने अंगावर आला असता.

गर्भारपणाचंही तसंच. माणसाचं गर्भारपण शेवटच्या पाळीपासून सुमारे २८० दिवस धरतात. चाळीस दिवसांच्या महिन्यात ते बरोबर सात महिने. तुमच्या जगात माणसंच राहत असतील, तर तिथल्या सुइणीने "नऊ महिने भरले" म्हणणं म्हणजे ३६० दिवस! आणि तिथे सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल पूर्ण दिवसांचं असेल. हे इतकं सवयीचं आहे की शोध चालवून "नऊ महिने", "पंधरवडा", "बारा महिने तेरा काळ" असे शब्द हस्तलिखितातून वेचून काढावे लागतात. वाचताना ते दिसतच नाहीत.

एक-एक वर्षाच्या चुका बहुतेक वेळा राजामुळे होतात. जुना राजा ५९८ च्या आठव्या महिन्यात वारला आणि मुलगा गादीवर बसला. मग ६१२ हे नव्या राजाचं कितवं वर्ष? उरलेले महिने पहिलं वर्ष धरले तर पंधरावं. पुढच्या वर्षारंभापासून पहिलं वर्ष मोजलं तर चौदावं. राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजलं तर तिसऱ्या महिन्यात चौदावं आणि दहाव्या महिन्यात पंधरावं! तिन्ही रीती खोट्या नाहीत. प्राचीन बॅबिलोनमध्ये मधले महिने राज्यारोहणाचं वर्ष म्हणून बाजूला ठेवत आणि पहिलं वर्ष नववर्षापासून मोजत. तुम्ही कुठलीही एक निवडा आणि तक्त्याच्या वर ठळक लिहून ठेवा. दोन राज्यांच्या दोन रीती ठेवल्यात तर मजा आहे, पण मग प्रत्येक सनदेवर कोणती रीत ते ठरवावं लागेल.

एका शकातून दुसऱ्या शकात जाताना ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, हे आपल्या इतिहासाच्या वाचकाला नवं नाही. शिवरायांचा राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठात झाला, इसवी सन १६७४, फरक ७८. जन्म, शासनमान्य तिथीप्रमाणे, शके १५५१ च्या फाल्गुनात, १९ फेब्रुवारी १६३०, फरक ७९. शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, म्हणून मधल्या महिन्यांत एक वर्ष जास्त मिळवावं लागतं. तुमच्या जगात दरबाराचं वर्ष वसंतात आणि देवळाचं सुगीला सुरू होत असेल, तर हाच एकाचा फरक तुमच्या मानगुटीवर बसणार. उपाय तोच: दोन्ही तारखा एकाच दिवस क्रमांकावरून काढा. एका दिनदर्शिकेतून दुसरीत थेट उडी मारू नका.

शून्याचंही बघा. इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. म्हणून इ.स.पू. ५ ते इ.स. ५ हे अंतर ९ वर्षांचं, १० नाही. खगोलशास्त्रज्ञ गणितासाठी इ.स.पू. १ लाच शून्य म्हणतात. आपलं वरचं सूत्रही तसंच वागतं: राजशक सुरू होण्याच्या आदल्या वर्षाला ते शून्य म्हणेल. तक्त्यात शून्य राहू द्या, पानावर "शकपूर्व १" छापा.

एका दिवसाच्या चुका सगळ्यात चिवट. त्यांची कारणं दोनच असतात. पहिलं, दिवस कधी सुरू होतो? सूर्योदयाला, सूर्यास्ताला की मध्यरात्री? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हिजरी आणि ज्यू दिनदर्शिकांत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री दोन प्रहर उलटल्यावर झालेला खून कुठल्या तारखेला पडला, हे तुमच्या जगाच्या नियमावर ठरतं. दोन साक्षीदार दोन राज्यांतले असतील तर ते खरं बोलूनही दोन तारखा सांगतील. दुसरं कारण, मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही? "तिसऱ्या दिवशी परत येतो" म्हणजे दोन रात्रींनी की तीन? ही चूक भल्याभल्यांनी केली आहे. ज्युलियस सीझरने दर चार वर्षांनी लीप वर्ष ठरवलं. त्याच्या मृत्यूनंतर रोमन पुरोहितांनी दोन्ही टोकं धरून मोजलं आणि दर तिसऱ्या वर्षी ते घातलं. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ लीप वर्षं झाली, आणि ऑगस्टसला पुढची काही लीप वर्षं गाळून हिशेब जुळवावा लागला.

ऋतू सरकत असतील तर चांद्रवर्ष तपासा. आपल्या नमुना जगात बारा चांद्रमास ३९६ दिवसांचे, सौरवर्षाहून ४ दिवस कमी. देवळाने नुसतं चांद्रवर्ष पाळलं तर त्यांचा वसंतोत्सव पन्नास वर्षांत अर्धं वर्ष सरकून हिवाळ्याच्या तोंडावर येईल. नको असेल तर अधिक मास घाला: ३३ वर्षांत चार. (आपल्याकडे फरक साधारण ११ दिवसांचा असल्याने अधिक मास बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, १९ वर्षांत सात.) हवा असेल तर सरकू द्या, हिजरी वर्ष असंच साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. माझं मत विचाराल तर सरकणारा सण जास्त रंगतदार. आजीच्या आठवणीतला सण उन्हात असतो आणि नातीचा थंडीत, आणि दोघींना आपलाच खरा वाटतो.

तक्ता स्प्रेडशीटमध्ये ठेवा, पण तारखेच्या रकान्यांना तारीख म्हणून साठवू देऊ नका. "३/१७" दिसलं की ती पृथ्वीची तारीख समजून बदलते. एक्सेल स्वतः आतून १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून अखंड आकडेच ठेवतं, म्हणजे आपलीच युक्ती. फक्त जुन्या लोटस प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी त्यात कधीच न झालेला २९ फेब्रुवारी १९०० सुद्धा आहे. तुम्ही साधा संख्येचा रकाना वापरा. बाकी काढायला मॉड फंक्शन आहे, ते शकपूर्व उणे आकड्यांनाही बरोबर धन बाकी देतं. रकाने पुरेत एवढे: घटना, सुरुवातीचा क्रमांक, शेवटचा क्रमांक, ठिकाण, कोण हजर, आणि "हे कोण सांगतं". शेवटचा रकाना बखरकारांसाठी. तुमच्या जगातला इतिहासकार चुकीची तारीख देऊ शकतो, द्यावीच कधीमधी, पण खरा क्रमांक तुमच्याकडे असला पाहिजे. नाहीतर "तो बखरकाराचा दोष" ही पळवाट ठरते आणि वाचकाला ती लगेच कळते.

अर्धं लिहून झालेल्या कामाचं काय? सगळी कालवाचक वाक्यं एका ठिकाणी उतरवा: "दुसऱ्या दिवशी", "मागच्या पावसाळ्यात", "युद्धानंतर दोन वर्षांनी". ज्याला हात लावायचा नाही असा एक प्रसंग निवडून त्याला क्रमांक द्या आणि तिथून पुढे-मागे चालत जा. प्रवासांना सुरुवात आणि शेवट असे दोन्ही क्रमांक द्या. दूताचे बारा आणि तीस दिवस तिथेच समोरासमोर येतात. जिथे दोन वाक्यं भांडतात तिथे घटना हलवू नका, वाक्य सैल करा. "अकरा दिवसांनी" चं "काही दिवसांनी" केलं की निम्मे घोळ मिटतात. अचूक आकडा तिथेच ठेवा जिथे त्यावर काहीतरी अवलंबून आहे.

भाग छापून गेलेत आणि वाक्य बदलता येत नाही, असं असेल तर एक राजमार्ग उरतो: जगातच दिनदर्शिकेची सुधारणा करा. पोप ग्रेगरी तेराव्याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. ब्रिटनने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर केला. रशियाने ते विसाव्या शतकापर्यंत केलं नाही, म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती इतर देशांच्या ७ नोव्हेंबरला पडली. तुमच्या राजानेही दहा-बारा दिवस गिळावेत, पुजाऱ्यांनी विरोध करावा, सावकारांनी व्याजावरून भांडावं. मधल्या दिवसांची विसंगती त्यात मुरते. दिवस क्रमांक मात्र या सुधारणेत एकानेही हलत नाही, त्यामुळे मुलीचं वय आणि चंद्राची कला यांना हा उपाय लागू पडत नाही. तिथे पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीच करावी लागेल. आणि एका कथेत ही सुधारणा एकदाच करता येते.